मागच्याला कुणी सांगितलं?

उतारावर भरवसा कुणाचा धरावा, सांगा बघू. पुढच्याचा, की मागच्याचा?

घाई करू नका. मी ताडपत्र्या आणि दोरखंड विकणारा माणूस. शाळा चौथीत सुटली, पुढचं शिक्षण हायवेनं केलं. नवा ट्रकवाला ताडपत्री नेतो, ती पुढून करकचून आवळतो आणि मागून दोन गाठी मारून मोकळा होतो. पुढून वारा लागतो हे त्याला दिसतं ना! पण वारा शिरतो मागून. निम्म्या वाटेत ताडपत्री घारीसारखी उडते, आणि हा परत येऊन माझ्या मालाला नावं ठेवतो. मी त्याला चहा पाजतो. नवी ताडपत्रीही विकतो. गाठीचं मात्र सांगतोच. ऐकतात थोडे.

तर हा प्रश्न माझा नाही. चन्नवीर शेट्यांचा आहे. शेट आमच्या भागातले मोठे ट्रेलरमालक आणि माझं जुनं गिऱ्हाईक. त्या दिवशी दुपारी दुकानात आले आणि म्हणाले, "गुंडाभाऊ, जीप काढा. गुलाबशाबाबांकडं जायचंय."

गिऱ्हाईक देवाला निघालं तर दुकानदारानं सोबत जावं, हा माझा नियम आहे. मी शटर ओढलं.

घाटाच्या पायथ्याला एक टेकाड आहे. त्यावर दर्गा, आणि दर्ग्याच्या ओसरीवर गुलाबशाबाबा. लहानपणी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. ऐंशीच्या पुढचं वय, पण आवाज खणखणीत. घाट चढणारा प्रत्येक ड्रायव्हर, हिंदू असो की मुसलमान, खाली हौसाबाईच्या टपरीवर चहा घेतो, वर येऊन बाबांकडून चिमूटभर उदी घेतो आणि गाडीच्या कपाळाला लावतो.

शेट वर पोचले ते धापा टाकत. बसलेही नाहीत.

"बाबा, भरवसा कुणाचा धरायचा? तेवढं सांगा."

"कोण आलंय?"

"मी चन्नवीर शेटे. ट्रेलरवाला."

"आणि तो दुसरा? दोरखंडाचा वास येतोय. गुंडा का रे?"

"होय बाबा."

"बसा दोघं. शेट, तुझा आवाज उभा आहे अजून. त्यालाही बसव."

शेट बसले. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"सांग. काय झालं?"

"अडकित्ता झाला."

तुम्हाला हे सांगायला हवं. ट्रेलर म्हणजे दोन तुकडे. पुढं इंजिन आणि केबिन, त्याला आम्ही घोडा म्हणतो. मागं माल लादायचा लांब पाट, तो घोड्याच्या पाठीवर एका खुंट्यावर टेकलेला. खुंट्यावर फिरतो म्हणून तर एवढं लांब धूड घाटातली वळणं घेतं. पण घोडा थांबला आणि मागचं थांबलं नाही, तर ते घोड्याला रेटतं. घोडा आडवा होतो, मागचं बाजूनं पुढं येतं, आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर मिटतात. अडकित्ता मिटतो तसे. मधली सुपारी म्हणजे केबिनमधला माणूस.

शेटांच्या गाडीत सुपारी होता अंकुश घुले. त्यांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर.

"जिवंत आहे?" बाबांनी विचारलं.

"आहे. मांडीचं हाड मोडलंय. गुडघ्याची वाटी फुटली. बरगड्या आत गेल्या, मान पट्ट्यात आहे. डॉक्टर म्हणतात पाय राहील, पण क्लच दाबेल असा राहील का, ते सांगत नाहीत."

"आणखी कुणाला लागलं?"

"समोरून दूधवाला येत होता. ट्रेलरच्या शेपटीनं त्याला कडेला झाडून टाकलं. खांदा निखळला. कॅन चेपले. जीव राहिला."

"का झालं असं?"

"का म्हणजे? अंकुशमुळं! मळीचा टँकर गळत गेला होता, रस्ता साबणासारखा. गाडीत लोखंडी सळ्या भरलेल्या. उतार. वळणावर म्हैस आडवी आली आणि ह्यानं ब्रेक दाबला करकचून. भरल्या गाडीला उतारावर असा ब्रेक दाबतं का कुणी? इतकी वर्षं चालवतोय!"

"म्हैस वाचली?"

"म्हैस? …वाचली."

"म्हणजे ब्रेक लागला."

"घोड्याला लागला की! घोड्याला लागून काय उपयोग?"

"आणि मागच्याला?"

शेट हसले. धंद्यातली युक्ती घरच्या माणसाला सांगताना हसतात ना, तसं.

"मागचं कॉक आम्ही बंदच ठेवतो, बाबा."

कॉक म्हणजे घोड्याकडून मागं जाणाऱ्या हवेच्या नळीवरची दांडी. बोटभर असते. ती फिरवून बंद केली की मागच्या चाकांना हवा जात नाही, आणि ब्रेक लागत नाही. मालक हे का करतात? मागचे ब्रेक जोरात लागले की टायर एकाच जागी घासून सपाट होतात. टायर वाचवायचे म्हणून दांडी बंद. आमच्या पट्ट्यात हे इतकं चालतं की कुणी त्याला चूक म्हणत नाही. काटकसर म्हणतात.

"आमचे वडील म्हणायचे," शेट म्हणाले, "घोडा थांबला की गाडी थांबते. त्यांच्या काळापासून असंच चालत आलंय. अहो, कधी काही झालं नाही!"

"अंकुशला ठाऊक होतं?"

"सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक असतं."

"काही म्हणाला नाही कधी?"

शेटनी खांदे उडवले. "म्हणायचा. दसऱ्याला गाड्यांची पूजा होते, तेव्हा दर साली त्याचं एकच. शेट, घोड्याला झेंडूचा हार, घोड्याला नारळ, घोड्याला लिंबू-मिरची. मागच्याला एक फूल तरी वाहा, आणि त्याची हवा सोडा."

"तू काय म्हणायचास?"

"मी म्हणायचो, अंकुश, हार मानेत घालतात. शेपटीला घालत नाहीत. सगळे हसायचे. तोही हसायचा."

बाबा हसले नाहीत. ओसरीच्या खांबावर एक सरडा मान हलवत होता. खाली कुठल्यातरी ट्रकनं घाट चढायच्या आधी हॉर्न दिला.

"पोलीस गेले होते त्याच्याकडं?"

"गेले होते."

"काय सांगितलं त्यानं?"

शेटनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"काय सांगितलं?"

"म्हणाला… गाडीचं सगळं शेटना ठाऊक. ते सांगतील ते खरं."

"बघ. भरवसा कुणाचा धरायचा, ते त्याला ठाऊक आहे."

शेट एकदम चिडले. बाबांपुढं कुणी आवाज चढवत नाही, पण माणूस कोंडला की चढवतो.

"बाबा, तुम्हाला धंद्यातलं कळत नाही. उद्या सकाळी विम्याचा माणूस येतोय, हवालदार येतोय. माझा जबाब आहे. ड्रायव्हर चुकला असं लिहिलं की विमा गाडी भरून देतो. ब्रेक बंद होता असं लिहिलं की देत नाही. मी काय करू? एक गाडी गेली तर बाकीच्या कशावर चालवू?"

"आणि ड्रायव्हर चुकला असं लिहिलं, की ड्रायव्हरचं काय?"

"…लायसन जाईल. दूधवाल्याची केस त्याच्यावर येईल." शेटनी मान वळवली. "मी त्याच्या घराला बघीन, बाबा. किराणा भरीन. मी काय राक्षस आहे?"

"किराणा भरशील. आणि नाव?"

"नाव म्हणजे?"

"गावात त्याला काय म्हणतील?"



बाबांनी हात लांब करून उदीचं मडकं जवळ ओढलं आणि उगाच बोटानं चाळवत राहिले.

"ते कॉक आता कसं आहे? बंद?"

"…उघडं आहे."

"अपघात झाला तेव्हा बंद होतं."

"हो."

"कुणी उघडलं?"

मला हे नवं होतं. मी शेटांकडं पाहिलं. शेट ओसरीच्या फरशीकडं बघत होते. अपघाताच्या जागी पोलिसांच्या आधी ते पोचले होते, हे मला माहीत होतं. अंकुशला केबिनमधून काढायला पत्रा कापत होते, तेव्हा शेट मागं गेले आणि बराच वेळ दिसले नाहीत, असं तिथं धावत गेलेल्या हौसाबाईनं मला सांगितलं होतं. मला वाटलं होतं, रडायला गेले असतील.

सरडा निघून गेला.

"मी एवढंच विचारायला आलो होतो," शेट हळूच म्हणाले, "की पुढचा ड्रायव्हर भरवशाचा कसा ओळखायचा. आणि नव्या गाडीसाठी उदी."

"चहाची वेळ झाली," बाबा म्हणाले. "मला खाली ने."

बाबांना खाली न्यायची एक रीत आहे. ते काठी वापरत नाहीत. पुढच्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवतात आणि चालतात. पायऱ्या दगडी, ओबडधोबड, कठडा नाही. म्हणून पुढचा माणूस बोलत जातो. पायरी. पायरी. मोठी पायरी. वळण. थांबलो. इथं रोज येणारे ड्रायव्हर सगळे असंच करतात. घाटात भोंगा न देणारे दांडगे गडीसुद्धा इथं लहान मुलासारखे पायरी-पायरी म्हणत उतरतात. मी आलो की मीच नेतो.

मी उठलो.

"गुंडा, तू आज मागं. आणि तोंडात गुळणी धर."

मी धरली.

शेट पुढं झाले. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा हाडापेरानं थोराड, शेटांपेक्षा वीतभर उंच. दोघं उतरू लागले. शेट मनातल्या मनात उद्याचा जबाब घोळवत असावेत, कारण ते एक शब्द बोलले नाहीत. बाबा पायानं चाचपत, पण बेतानं, चांगल्या चालीनं येत होते. उताराला माणसाची चाल आपोआप वाढते.

वळणाच्या पायरीवर हौसाबाईची शेळी बसली होती. रवंथ करत.

शेट थांबले. जागच्या जागी, एकदम.

बाबा थांबले नाहीत.

त्यांचा सगळा भार त्या खांद्यावर आला. शेटांचा खांदा पुढं गेला, पाय मागंच राहिले, आणि शेट आडवे फिरले. बाबा बाजूनं निसटून पुढं आले. एका क्षणात दोघांची तोंडं समोरासमोर, छातीला छाती. मग शेट शेळीवर, आणि बाबा गुडघ्यावर.

शेळी बें करून पळाली.

खालून हौसाबाई ओरडली, "काय झालं वो वर?"

"काही नाही!" शेट ओरडले. अजून उठलेही नव्हते. "बाबांचा पाय घसरला!"



बाबा गुडघा धरून पायरीवर बसले. लुंगीवर रक्ताचा ठिपका आला, वाढत गेला. त्यांनी तो बोटानं चाचपला. चेहऱ्यावर राग नव्हता. कुतूहल होतं म्हणा.

"माझा पाय घसरला?"

"बाबा… म्हणजे… तुम्ही मागनं ढकललंत मला."

"मी ढकललं नाही. मी चालत होतो."

"पण मी थांबलो होतो ना!"

"हो का?" बाबा म्हणाले. "मला कुणी सांगितलं?"



शेटांचा घोटा मुरगळला होता, तळहात सोलवटला होता. ते तिथंच, शेळीच्या जागेवर, बसून राहिले. आपल्या उजव्या हाताकडं बघत. सोलवटलं होतं म्हणून बघतायत, असं मला आधी वाटलं. पण ते बोटं मिटत होते आणि उघडत होते. बोटभर दांडी फिरवायला जेवढी लागतात, तेवढीच बोटं.

मी तोंडात गुळणी धरून उभा.

खाली हौसाबाईनं पुन्हा हाक दिली, "अवो, हळद आणू का? लई लागलंय का बाबास्नी? चांगले रोज येत्यात की या पायऱ्यांवरनं, आजच कसा पाय घसरला?"

बाबांनी मान तिच्याकडं वळवली, पण उत्तर दिलं नाही. उत्तराची जागा तशीच मोकळी ठेवली. एखाद्यासाठी पाट मांडून ठेवावा तशी.



शेट उठले. लंगडत पायरीच्या कडेला गेले. एवढा मोठा माणूस, पंचायतीत बोलताना माईक लागत नाही, पण तेव्हा घसा खाकरावा लागला.

"हौसाबाई!"

"आं?"

"बाबांचा पाय नाही घसरला!"

"मग?"

"मी थांबलो! त्यांना न सांगता!"



"मग मगाशी खोटं कशापायी बोललासा?"

"तेच कळेना मला!" शेट म्हणाले.

टपरीवर चहा पिणारे दोन ड्रायव्हर हसले. शेटही हसायला गेले, पण ते हसू निम्म्यातच मोडलं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले आणि तेच उपरणं फाडून बाबांच्या गुडघ्याला बांधलं. गाठ चांगली बसली. गाठीतलं मला कळतं.

"आता चलायचं?" बाबा म्हणाले.

शेटनी खांदा त्यांच्या हाताखाली दिला.

"पायरी," शेट म्हणाले.

बाबा उतरले.

"पायरी… ही मोठी आहे बाबा, जपून. पायरी… वळण, डाव्या अंगाला. शेळी नाही आता… पायरी. थांबतोय, बाबा. थांबतोय."

"थांबलो," बाबा म्हणाले.

"चला. पायरी."

असे ते दोघं खाली पोचले. मी मागून.

हौसाबाईनं हळद लावली, बाबांना जास्त साखरेचा चहा दिला, शेटना बिनसाखरेचा. "तुमाला गोड नगो आज," म्हणाली. शेटनी कप घेतला.

समोर एक ट्रेलर उभा होता. ड्रायव्हर बाबांची उदी घोड्याच्या कपाळाला लावत होता, हात जोडत होता. शेट कप हातात धरून उठले आणि घोटा ओढत त्या घोड्याच्या मागच्या बाजूला गेले. वाकून नळीकडं बघत राहिले. ड्रायव्हर जरा बावरला.

"काय बघता शेट?"

"कॉक बंद आहे तुझं."

"मालकानं केलंय. सगळ्यांचंच बंद असतंय की."

"हो," शेट म्हणाले. "सगळ्यांचंच."

परत येऊन ते बाकावर टेकले. चहा निवून गेला होता.

"गुंडाभाऊ, जीप घराकडं नको. दवाखान्याकडं घ्या. अंकुश जागा असेल का आत्ता?"

"असेल."

"त्याला काय सांगू ते गाडीत बघतो."

मी किल्ली काढली. शेट बाबांच्या पाया पडले. पडताना दुखऱ्या घोट्यावर भार आला, तोंडातून 'आई' असं निघून गेलं. उदी मागायची विसरले. बाबांनी मात्र मडक्यातून आणलेली चिमूट मुठीत जपून ठेवली होती. ती त्यांनी शेटांच्या सोलवटलेल्या तळहातावर ठेवली.

"घोड्याला लावू नकोस ही."

"बरं."

शेट जायला वळले. दोन पावलं गेले आणि पुन्हा परत आले.

"बाबा, उद्या सकाळी ती माणसं कागद पुढं करतील. म्हणतील, शेट, काय झालं ते सांगा. कुठून सांगायला लागू?"

बाबांनी कप खाली ठेवला. बांधलेला गुडघा हातानं एकदा दाबून बघितला.

"हिशेब खरा ठेव, शेट… आणि मागून सुरू कर."